सीटवरचा गुलाब

॥ श्री ॥

सातारा, ता. २३ जानेवारी १९४४

शिरसाष्टांग नमस्कार. बायकोने नवऱ्याला लिहिताना हा आधी घालायचा असतो, म्हणून घातला. त्यात मनापासून किती आणि रिवाजापोटी किती, ते तुमचं तुम्ही ओळखा.

तुमचं पत्र पोचलं. 'एवढ्याशा गादीवरून कोणी माहेरी जातं का?' असं विचारलंत. जातं. मी आले की. आणि ती गादी तुमच्या सायकलवरून उतरल्याशिवाय मी सांगलीत पाऊल ठेवणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते. तात्या रोज सकाळी चहा पिताना विचारतात, 'जावईबापू कधी येणार न्यायला?' मी म्हणते, 'त्यांची फिरती चालू आहे.' बापापुढे रोज खोटं बोलायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

तुम्हाला वाटतं मी गादीवर रुसले. गादीचं तर आहेच. हिरवी मखमल, कडेला गोट, आणि मधोमध रेशमाने भरलेला गुलाब. हल्ली धड लुगड्याला कापड मिळत नाही आणि खालच्या त्या शिवणवर्गवालीला सायकलच्या सीटला मखमल मिळते! ज्यावर बसायचं त्यावर गुलाब कोण काढतं हो? उशीच्या अभ्र्यावर काढतात, नवऱ्याच्या रुमालावर काढतात. विनोदिनीबाईंना काढायला नवरा नाही, म्हणून माझ्या नवऱ्याच्या बुडाखाली काढला.

पण माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून मीच सांगते.

संक्रांतीला खाली घरमालकीणबाईंचं हळदीकुंकू होतं. वाण देऊन झालं, बायका तिळगूळ चघळत बसल्या होत्या. तेव्हा विनोदिनीबाई हातातलं अत्तर तसंच धरून मला म्हणाल्या, 'वहिनी, गादीने बरं वाटतंय ना हो त्यांना? मला म्हणत होते, विटा ओलांडलं की खालून सगळं बधिर होतं, मुंग्या येतात, उतरल्यावर कितीतरी वेळ काही कळतच नाही.' सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी हसले. 'हो, बरं वाटतंय,' म्हटलं. काय बरं वाटतंय, हे मला ठाऊकच नव्हतं.

सहा वर्षं झाली आपल्या लग्नाला. तुम्ही शिवणयंत्रं दुरुस्त करायला तासगाव, विटा, पार आटपाडीपर्यंत सायकल मारता, येता ते भिंतीला धरून जिना चढता. मी गरम पाणी काढून देते, तेल लावू का विचारते. तुम्ही म्हणता, 'काही नाही, जरा दमलोय.' मला दमलोय, आणि तिला मुंग्या! कुठे मुंग्या येतात ते परक्या बाईला सांगताना तुमची जीभ अडखळली नाही. ती तुम्हाला नावानिशी 'राव' लावून हाक मारते, भर अंगणात. मी ते नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.

आणि आता उगाच आडपडदा कशाला. तुमच्या आत्याबाई दिवाळीला येऊन काय म्हणून गेल्या, ते मी दाराआडून ऐकलंय. 'सहा वर्षांत पाळणा हलला नाही. दुसरी बघ. लांब कशाला जायला हवं, जिन्याखाली आहे की.' तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत. मग संक्रांतीला गुलाब आला. मला भीती वाटते. आज तिने गादी दिली, उद्या तुम्ही तिला घर द्याल. हे लिहायला लाज वाटते, पण लाजून माझंच नुकसान आहे.

गादी काढा. मग मी विचार करीन.

तुमचीच (अजून तरी),
अनसूया


सातारा, ता. ६ फेब्रुवारी १९४४

नमस्कार.

गादी काढता येत नाही असं लिहिलंत. 'तीच एक आधार आहे' म्हणे. पुढे लिहिता की गादी असूनसुद्धा परवा खानापूरच्या पुढे एवढ्या मुंग्या आल्या, की उतरून आटपाडीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलात. हे वाचून मला फार बरं वाटलं. तुम्हाला त्रास झाला म्हणून नव्हे, तिच्या गुलाबाचा काही उपयोग झाला नाही म्हणून. मी अशीच आहे. जळकी म्हणा.

पण असंच चाललं तर फिरती सोडून दुकानात बसावं लागेल, असंही लिहिलंय तुम्ही. कुठल्या दुकानात? तिच्याच शिवणवर्गात ना, खाली? दिवसभर ती शिकवणार आणि तुम्ही यंत्रांना तेल घालणार. छान बेत आहे. ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी ठरवलं, तुमच्या मुंग्यांचं मूळ मीच शोधून काढणार.

हंबीरदादा पलटणीतून रजेवर आलाय. आल्यापासून तात्यांची जुनी सायकल घेऊन कोरेगावला जातो नि येतो, कधी पार वाईला. परत आला की उडी मारून उतरतो आणि भाकरी मागतो. मी विचारलं, 'दादा, तुला बसून बसून बधिर नाही होत?' तर म्हणाला, 'कशाला व्हतंय? आमाला तर रोज दौड असती सायकलवर. दाजींचं काय तरी चुकतंय बघ, अनसे.' काय चुकतंय ते त्याला सांगता येईना. त्याला कधी झालंच नाही, तर कळणार कसं?

म्हणून काय केलं ते सांगते, पण तात्यांजवळ कधी बोलू नका. काल तात्या देवळात आणि दादा मित्राकडे गेला, तेव्हा परसात सायकल स्टँडवर उभी केली, मागचं दार लावलं, आणि मी वर बसले. लुगडं नेसून, काष्टा घालून. चाक जागच्या जागी फिरत होतं आणि मी पायडल मारत होते. डोळ्यांसमोर विट्याचा रस्ता आणला. खरं सांगू, त्या रस्त्याच्या प्रत्येक झाडाखाली मला विनोदिनीबाईच दिसत होत्या, म्हणून पाय आपोआप जोरात चालले.

आधी सीटवर उशी बांधली, तुमच्या गादीसारखी मऊ. पहिल्यांदा सुख वाटलं. मग मी तिच्यात रुतत गेले, आणि जशी रुतले तशी मधली बाजू फुगून वर आली आणि नको तिथे दाबायला लागली. उशी काढून टाकली आणि नुसत्या चामड्यावर बसले. आता भार बसायच्या दोन हाडांवर आला. कडक लागत होतं, पण मुंग्या कमी झाल्या. म्हणजे गादीनेच तुमचं वाटोळं केलंय. मी हे द्वेषाने म्हणत नाही. म्हणते, द्वेषानेही म्हणते, पण खरंही आहे.

तरी अजून मधे काहीतरी टोचत होतं, दगडावर बसल्यासारखं. उतरले, सीट चाचपली, काही नाही. पुन्हा बसले, पुन्हा तेच. मग हात मागे गेला आणि लख्ख उजेड पडला. काष्टा! कापडाच्या घड्या मधून मागे जातात, त्याचीच गाठ मी माझ्याखाली घेऊन बसले होते.

आणि तुम्ही काय करता? धोतराचा काष्टा तर असतोच. शिवाय सोगा साखळीत अडकू नये म्हणून तोही उचलून, गुंडाळून मागे खोचता. मी रोज जिन्यातून बघायची. वाटायचं, किती टापटीप माणूस! एकाला दोन गाठी घेऊन बसता आणि वर तिची गादी, म्हणजे ती गाठ खालून आणखी वर रेटायची. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. धोतराचं दुखणं, आणि तुम्ही दोघं मिळून सीटला औषध लावत बसलात.

मग खात्री करायला मी दादाची जुनी खाकी चड्डी घातली. हसू नका. दार लावलेलं होतं. चांगला तासभर पायडल मारलं, जरासुद्धा बधिर झालं नाही. बायकांचं आणि पुरुषांचं दुखणं अगदी एक नसेल, पण कापडाची गाठ सगळ्यांना सारखीच टोचते.

तर आता ऐका. गादी काढा. धोतर पिशवीत घाला, गावात शिरताना नेसा, रस्त्यावर अर्धी चड्डी घाला. तुमच्या सीटचं टोक वर उचललेलं आहे, पुढे घसरू नये म्हणून तुम्हीच केलंय. ते खाली घ्या. सीटवर पोळपाट ठेवा, पोळपाटावर पाण्याची वाटी ठेवा. पाणी ज्या काठाला जाईल ती बाजू वर करा. पाणी सरळ राहिलं की पान्ह्याने घट्ट करा. टाच पायडलवर टेकवून पाय खाली सोडला तर गुडघा जेमतेम सरळ व्हावा, त्याहून सीट उंच नको, नाहीतर कंबर डुलते आणि सोलवटतं. आणि दादा म्हणतो, दर मैलाच्या दगडाला पायडलवर उभं राहायचं, दहा-बारा फेरे तसेच मारायचे. तेवढ्याने रक्त खेळतं.

साताऱ्यात बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे, असं म्हणाल. म्हणा. पण आधी करून बघा.

पान्हा माजघरातल्या कोनाड्यात आहे. तिच्याकडे मागायला जाऊ नका.

अनसूया


सातारा, ता. २० फेब्रुवारी १९४४

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून देवापुढे साखर ठेवली, दुसऱ्यांदा वाचून ती मुंग्यांना घातली.

चड्डीने फरक पडला, विट्यापर्यंत बधिर झालं नाही, गादी काढून ठेवली आहे. इथपर्यंत फार छान. आणि मग खालची ओळ. 'चड्डी विनोदिनीबाईंनी दोन दिवसांत शिवून दिली.'

अहो, हा उपाय मी शोधला! परसात दार लावून, भावाची चड्डी घालून, लाज गुंडाळून ठेवून शोधला. आणि तो घेऊन तुम्ही गेलात कुठे, तर तिच्याच दारात! गादी गेली आणि चड्डी आली. मी आगीतून निघून फुफाट्यात पडले.

माप कोणी घेतलं? मला नीट लिहा. तुम्ही उभे होतात आणि टेप तिच्या हातात होती, की तुम्ही जुन्या चड्डीवरून माप दिलंत? तुमच्याकडे जुनी चड्डी नाही, हे मला ठाऊक आहे. कंबरेचं माप एक वेळ समजू शकते. पण चड्डीला आसन असतं. आसनाचं माप टेप कुठून कुठवर धरून घेतात, हेही मला ठाऊक आहे. मला चार दिवस जेवण गेलं नाही. तात्यांनी वैद्याला बोलावलं. त्याने जीभ बघून 'पित्त' सांगितलं. पित्तच आहे, फक्त सांगलीचं आहे.

त्यात शालूबाई आल्या. शेजारच्या शालूबाई, त्यांची लेक सांगलीत आपल्याच गल्लीत दिलीय. तिकडनं आल्या आल्या उंबऱ्यात बसून म्हणाल्या, 'आवं ताई, तुमी हितं बसलाय व्हय? तुमच्या मालकास्नी खालची ती शिवणाची बाय रोज ताट वर धाडती. पुरणपोळीबी. माझ्या लेकीनं डोळ्यांनी बघितलं.' मी म्हटलं, 'धाडू दे की, शेजारधर्म आहे.' तर म्हणतात, 'शेजारधर्म लय दिस चालला की त्येचा संसार हुतो, ताई.' तोंड फार वाईट आहे बाईचं. पण रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं.

एक बरं, तिच्या शिवणीने तुम्हाला चावलं. मांडीच्या आत सोलवटलं, असं तुम्हीच लिहिलंय. चावणारच. ती शिवण शिकवत असेल, पण सायकलवर बसली आहे का कधी? तिने नेहमीसारखं आसन शिवलंय, चार बाजूंच्या शिवणी मधे एका ठिकाणी आणून गाठ मारलीय, आणि नेमक्या त्या गाठीवर तुम्ही आटपाडीचा रस्ता बसून काढता. तिथे खोबरेल लावा. तुमच्या हाताने लावा.

आणि तिची चड्डी तिला परत करा. सोबत मी शिवलेली पाठवते आहे. दादाच्या दोन चड्ड्या उसवून, हाताने शिवली आहे, यंत्र नाही माझ्याकडे. मधोमध शिवण येऊच दिलेली नाही. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा अख्खा तुकडा लावलाय, शिवणी दोन्ही मांड्यांवर सरकवल्यात, आणि आतून दाबून सपाट केल्यात. बोट फिरवून बघा, कुठे लागतं का.

माप मी कोणाला विचारलं नाही. टेपही नव्हती. तुमची कंबर माझ्या चार विती आणि वर दोन बोटं आहे. मांडी तीन वितींना थोडी कमी. कधी मोजलं म्हणून विचारू नका. तुम्ही झोपेत असता, मला झोप येत नसते. हे माप विनोदिनीबाईंच्या टेपवर निघायचं नाही.

तिच्या चड्डीहून माझी अंगाला नीट बसते का, ते लिहा. खरं लिहा. गोड लिहू नका. यावर माझं येणं की न येणं ठरणार आहे. माप चुकलं असेल तर मी म्हणेन, आपली सहा वर्षं नुसतीच शेजारी शेजारी गेली. मग आत्याबाईंना जे करायचं ते करू दे.

अनसूया


सातारा, ता. ५ मार्च १९४४

सप्रेम नमस्कार. हा आज रिवाजाचा नाही.

काल संध्याकाळी तुमचं पत्र आलं. दिवा लावायचं राहिलं, तात्यांनीच लावला. आटपाडीला जाऊन आलात, कुठे उतरावं लागलं नाही, मैलाच्या दगडाला उठून उभे राहिलात तेव्हा रस्त्यावरची मेंढरं बुजली, सोलवटलेलं बरं झालं, आणि मुंग्यांचं नावसुद्धा नाही. फिरती सोडायचा विचार सोडून दिलात. हे सगळं मी दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'बघ, मी म्हणलं नव्हतं दाजींचं काय तरी चुकतंय?' सगळं श्रेय त्याने घेतलं.

मग शेवटी तुम्ही लिहिलंय, 'चड्डी चांगली बसते. फक्त कंबरेला सैल होते, मग चार बोटं कापड दुमडून नाडी आवळून बांधतो.'

चार बोटं.

पहिल्यांदा मला धक्काच बसला. वाटलं, चुकलं माझं. माझी वीत चुकली, माझं माप चुकलं, ज्याच्यावर मी एवढी ऐट मारली तेच खोटं निघालं. तिच्या टेपने बरोबर निघालं असतं. मी उठले आणि दादाच्या कंबरेला वीत लावून बघितली, मग टेलरकडून टेप आणून त्याच ठिकाणी लावली. माझी वीत बरोबर होती. पुन्हा बघितलं. बरोबर होती. दादा म्हणाला, 'काय चाललंय गं तुझं? मला काय बोकड समजतीस काय?'

मग बसून विचार केला. चड्डी तुमच्या कंबरेची आहे, पण संक्रांतीच्या आधीच्या कंबरेची. आता मार्च आहे.

शालूबाईंची लेक ताट वर जाताना बघते. ते तसंच भरलेलं खाली परत येतं, ते तिने बघितलं नाही. रोज पुरणपोळी खाणाऱ्या माणसाची कंबर चार बोटं उतरत नाही हो. आणि सायकलचं म्हणाल तर सायकल तुम्ही सहा वर्षं मारताय, कंबर कधी उतरली नव्हती. एवढे दिवस मी इथे जळत बसले, की तुम्ही तिच्या हातचं जेवताय, तिच्या घासाने सुखावताय. आणि तुम्ही चुलीकडे तोंड करून बसला होतात. काय खात होतात? चुरमुरे? शिळी भाकरी आणि चटणी? मला एका अक्षराने कळवलं नाहीत. मुंग्यांचं कळवलं नाहीत, तसंच हेही. तुमची खोडच आहे ती, दुखतं ते घरात सांगायचं नाही.

मला राग आला आहे. तुमचा आला आहे, माझा आला आहे, आणि विनोदिनीबाईंचाही आला आहे, की एवढी ताटं वर धाडली पण जेवलात का म्हणून तिने एकदा वर येऊन बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिचे डोळे काढले असते, ते निराळं.

माझ्यावाचून तुमचं चालेल, ही मला भीती होती. चालत नाही, हे तुम्ही पत्रातून कधी लिहिलं नसतंत, ते कंबरेने सांगितलं. आत्याबाई दुसरी बघा म्हणाल्या तेव्हाही तुम्ही नुसते गप्प बसलात, आणि मी तुमच्या गप्पपणाचा भलताच अर्थ लावून घेतला. तरी पुढच्या वेळी आत्याबाईंसमोर तोंड उघडायचं. कंबर बारीक करून त्यांना काही कळणार नाही, त्या माझ्यासारखी वीत लावत नाहीत.

न्यायला येऊ नका. सातारा काही आटपाडी नाही, सायकलने लांब पडेल आणि तेवढी तुमच्यात ताकद राहिली नाही. दादाची रजा संपतेय, तो मिरजेपर्यंत गाडीत सोबत आहे. सातारा रोड स्टेशनवर गाडी धरते, मिरजेला बदलते आणि रविवारी संध्याकाळी सांगलीला उतरते. ज्वारी दळून ठेवा. हरभऱ्याची डाळ मी इकडनं आणते, तूपही आणते. चूल मीच पेटवीन, तुम्ही आधी पेटवून धूर करून ठेवू नका. आणि शनिवारी खालून ताट आलं, तर जिन्यातूनच सांगा, 'आमची मंडळी येत आहेत.' मोठ्याने सांगा, अंगणात ऐकू गेलं पाहिजे.

तुम्ही विचारलंय, येताना सुई-दोरा आणशील का, कंबरेला शिवण आत घ्यायला.

आणणार नाही. चड्डी आहे तशीच राहील. तुम्ही मापात यायचं.

तुमची,
अनसूया